एसयूव्हीमागे सायकल रॅक लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतेश्वरचा घाट चढून कास, तिथून बामणोली; इकडे ठोसेघर-चाळकेवाडी; वाईकडून पसरणीच्या घाटाने पाचगणी. साताऱ्याच्या आसपास सायकल चालवायला रस्त्यांची कमतरता नाही, पण घरातल्या तीन-चार सायकली त्या रस्त्यांपर्यंत नेणं अवघड जातं. गाडीच्या मागे हिचवर, म्हणजे गाडीच्या खालून चॅसीला किंवा बॉडीला पक्क्या बांधलेल्या लोखंडी जोडावर, बसणारा रॅक हा त्यावरचा चांगला मार्ग आहे. मात्र रॅक आधी मागवायचा आणि हिच नंतर शोधायची, असा उलटा क्रम लावला की पैसे वाया जातात. म्हणून सुरुवात हिचपासूनच केली आहे.

गाडीला मागे टो हूक आहे. त्यावर रॅक बसेल का?

नाही. बंपरवरचं छोटं झाकण काढून आट्यांनी फिरवून बसवायची कडी म्हणजे टो हूक. गाडी बंद पडली तर दोर बांधून सरळ ओढण्यापुरतीच ती असते. रॅकचं वजन खाली दाबतं आणि वळणावर आडवं पिळतं, आणि हे दोन्ही ताण त्या कडीला सोसत नाहीत.

रॅकसाठी चौकोनी तोंडाची नळी लागते, तिला हिच रिसीव्हर म्हणतात. आतलं माप २ इंच, म्हणजे साधारण ५१ मिमी, किंवा सव्वा इंच, म्हणजे साधारण ३२ मिमी असतं. तिसरा प्रकार युरोपी रॅकचा. तो ट्रेलर ओढायच्या ५० मिमीच्या गोल बॉलला चिमटा घालून बसतो. बॉलवरचा रॅक चौकोनी नळीत जात नाही आणि नळीतला बॉलवर बसत नाही, म्हणून ऑर्डर देण्याआधी आपल्याकडे काय आहे ते पट्टी लावून मोजा.

विदेशी विक्रेते ‘बाइक रॅक’ लिहितात तेव्हा त्यांना सायकल अभिप्रेत असते. मोटरसायकल न्यायचे कॅरिअर वेगळे असतात.

कंपनीकडून रिसीव्हर येतो का?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना येत नाही, नंतर बसवावा लागतो. त्या मॉडेलसाठीच तयार केलेला, चॅसीच्या मूळ भोकांत बोल्टने बसणारा हिच मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

इथे गाडीच्या बांधणीचा फरक पडतो. थार, स्कॉर्पिओ-एन, बोलेरो, फॉर्च्युनर या गाड्यांना खाली स्वतंत्र लॅडर चॅसी आहे. दोन जाड लोखंडी पट्ट्या मागच्या टोकापर्यंत येतात आणि त्यांना हिच सरळ धरता येतो. क्रेटा, नेक्सॉन, हॅरिअर, एक्सयूव्ही ७०० या मोनोकॉक गाड्यांत तशी चॅसी नसते. बंपरच्या आत आडवा बीम असतो आणि बॉडीच्या दोन पेटीसारख्या बाजू त्याला धरून असतात. हिच त्या दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या पुढपर्यंत पट्ट्या नेऊन बांधावा लागतो. नुसत्या बंपर बीमला मधोमध नळी जोडून दिली तर बीम पिळतो. आधी रॅक थोडा खाली झुकलेला दिसतो आणि काही महिन्यांत जोडाजवळ तडा जातो.

गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतला तर चालेल?

लॅडर चॅसीच्या गाडीसाठी, काम नीट समजून करणारा माणूस असेल तर चालेल. मोनोकॉकसाठी आम्ही सुचवत नाही. करून घेताना या गोष्टींवर अडून राहा.

चॅसीवर वेल्डिंग नको, सगळं बोल्टवर. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं पोलाद बदलतं आणि तडा पुढे तिथूनच सुरू होतो. शिवाय आतल्या बाजूचा रंग जळतो आणि गंज दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हिचच्या स्वतःच्या भागांचं वेल्डिंग मात्र टेबलावर, चारही बाजूंनी सलग हवं, टाक्यांवर भागवलेलं नको.

बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे घ्या. ग्रेड डोक्यावर कोरलेला असतो, कोरलेला नसेल तर तो बोल्ट परत करा. प्रत्येक बाजूला किमान दोन, शक्य असेल तर तीन. एम १२ मापाचा ८.८ बोल्ट साधारण ८० न्यूटन-मीटरला आवळतात, त्यासाठी टॉर्क पाना लागतो. चॅसीची पट्टी पोकळ असेल तर आतून नळीचा तुकडा किंवा जाड पट्टी घातल्याशिवाय आवळू नका, नाहीतर पट्टी चेपते आणि बोल्ट ढिला होतो. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

नळीची भिंत ६ मिमीच्या आसपास हवी आणि आतलं माप ५१ ते ५२ मिमी. आतली वेल्डिंगची शिवण घासून घ्यावी लागते, नाहीतर रॅक अर्ध्यावरच अडतो. पिनचं भोक आरपार एका रेषेत हवं. दोन इंची नळीला ५/८ इंचाची, म्हणजे १६ मिमीची पिन लागते. रॅक हाताशी असेल तर तो घेऊन जा आणि भोकाची जागा त्यावरूनच खुणावून घ्या.

सव्वा इंच की दोन इंच?

नवीनच बसवत असाल तर दोन इंच. अमेरिकी वर्गवारीत सव्वा इंची पहिल्या वर्गाच्या हिचवर साधारण ९० किलोंचा उभा भार धरतात, दुसऱ्या वर्गावर साधारण १३५ आणि दोन इंची तिसऱ्या वर्गावर २२५ च्या पुढे. चार सायकलींचे बहुतेक रॅक दोन इंचीच असतात. सव्वाच्या नळीला दोनचा अडॅप्टर मिळतो, पण त्याने नळीची ताकद वाढत नाही. उलट सायकली १०-१५ सेंटीमीटर आणखी मागे जातात आणि तरफ लांबते.

हिचवर ९० किलो चालतात आणि चार सायकलींचं वजन ६० किलो. मग हरकत काय?

रॅकचं वजन राहिलं. दोन सायकलींचा ट्रे रॅक १५ ते २५ किलोंचा असतो, चारांचा ३० च्या पुढे जातो. ६० अधिक ३० म्हणजे ९०, मर्यादा तिथेच संपली. त्यात हिचची मर्यादा नळीच्या तोंडाशी टेकलेल्या वजनासाठी सांगितलेली असते, तर चौथी सायकल तिथून जवळजवळ मीटरभर मागे असते. खड्ड्यात चाक आदळलं की तेच वजन क्षणभर दुप्पट-तिप्पट जोराने झटका देतं. आमचं मत असं की आपल्याकडच्या रस्त्यांवर रॅक आणि सायकली मिळून हिचच्या लिखित मर्यादेच्या साठ-सत्तर टक्क्यांच्या आत ठेवाव्यात. रॅकवर प्रत्येक सायकलीची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, तीही पाहा.

गाडीवर होणारा परिणाम आकड्यात पाहा. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, २७५ सेंटीमीटर आहे आणि रॅक-सायकलींचं ५० किलो वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या १६० सेंटीमीटर मागे आहे, असं धरू. तर मागच्या अ‍ॅक्सलवर ५० नव्हे, ७९ किलो येतात आणि पुढचा अ‍ॅक्सल २९ किलोंनी हलका होतो. मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत सामान असेल तर स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टायरमध्ये दरवाज्याच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेली हवा भरा आणि हेडलाइटचं चक्र खाली घ्या.

लटकता रॅक घ्यावा की ट्रेचा?

लटकत्या रॅकमध्ये सायकलीची वरची दांडी दोन बाहूंवर अडकवतात. तो हलका, स्वस्त आणि घडी घालायला सोपा असतो. पण सायकली हिंदकळतात, एकमेकींवर घासतात, पेडल शेजारणीच्या स्पोकमध्ये जातं. मुलांच्या किंवा खालच्या दांडीच्या सायकलींना जास्तीची आडवी दांडी जोडावी लागते. कार्बन फ्रेम त्यावर लावूच नका, चिमट्याच्या दाबाने पातळ नळीला चीर जाते.

ट्रेच्या रॅकमध्ये सायकल स्वतःच्या चाकांवर उभी राहते. त्यातही दोन जाती आहेत. काहींत उभ्या खांबावरून येणारा पंजा फ्रेम धरतो, काहींत आकडा फक्त पुढच्या चाकावर दाबून बसतो. दुसऱ्या जातीत फ्रेमला काहीच लागत नाही, म्हणून महाग सायकलींसाठी तो उत्तम. मात्र मडगार्ड असेल तर आकडा त्यावर बसतो आणि मडगार्ड वाकतं. जुन्या पद्धतीच्या काळ्या, पत्र्याच्या मडगार्डवाल्या सायकलीला फ्रेम धरणारा पंजाच बरा.

घाटरस्त्यांसाठी आमची पसंती ट्रेलाच आहे. यवतेश्वरच्या एकामागोमाग वळणांवर लटकत्या सायकली घड्याळाच्या लंबकासारख्या डोलतात.

टायरची रुंदीही पाहून घ्या. बरेच ट्रे अडीच-तीन इंचांपर्यंतचे टायर घेतात, चार इंची फॅट टायरसाठी वेगळे ट्रे किंवा लांब पट्टे लागतात. मुलांच्या १६ इंची सायकलीची चाकं इतकी जवळ असतात की मागच्या चाकाचा पट्टा पोचत नाही, म्हणून रॅकचा किमान व्हीलबेस विचारा.

सायकल गाडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली तर?

हे घरीच मोजता येतं. सायकलीच्या दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर अधिक एका चाकाची टायरसकट उंची, ही सायकलीची लांबी. रोड सायकल साधारण ९९ + ६७ = १६६ सेंटीमीटर. हायब्रिड १०५ + ७० = १७५. मोठ्या मापाची २९ इंची माउंटन सायकल १२० + ७४ = १९४.

आता गाडीची रुंदी आरसे सोडून पाहा. जिम्नी १६४.५ सेंटीमीटर, क्रेटा १७९, एक्सयूव्ही ७०० १८९, स्कॉर्पिओ-एन १९१.७. म्हणजे स्कॉर्पिओ-एनमागेही ती माउंटन सायकल दोनेक सेंटीमीटर बाहेर येते, क्रेटामागे १५ सेंटीमीटर बाहेर येते आणि जिम्नीमागे रोड सायकलसुद्धा थोडी डोकावते. सायकल ट्रेवर बरोबर मध्यावर नसेल तर सगळं जास्तीचं माप एकाच बाजूला जातं.

मोटार वाहन कायद्याचं २०१९ साली आलेलं कलम १९४ (१अ) इथे लक्षात ठेवा. बॉडीच्या बाजूंबाहेर, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीच्या मर्यादेपलीकडे माल आला तर २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च त्यात आहे. सायकल बाजूंनी बाहेर येऊ द्यायची नाही, हे त्यातून स्पष्टच होतं. त्या कलमात मागच्या बाजूचाही उल्लेख आहे, म्हणून हिच बसवण्याआधी फोटो आणि मापं घेऊन आरटीओत विचारून यावं. अरुंद गाडीला फ्रेम धरणारा रॅक घेतला तर पुढचं चाक काढून लांबी ३५ सेंटीमीटरच्या आसपास कमी करता येते. चाकावर आकडा दाबणाऱ्या रॅकमध्ये ही सोय नाही.

नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात. दुसरी पाटी करून लावू का?

नंबरप्लेट अधिकृत हाय सिक्युरिटी असावी लागते. अ‍ॅक्रिलिकवर रंगवून रॅकला टांगलेली पाटी तिची जागा घेत नाही. त्यामुळे मूळ पाटी दिसत राहील असाच रॅक निवडा. पाटी टेलगेटवर उंच असलेल्या गाड्यांत सायकलींची चाकं नेमकी आड येतात, बंपरवर असेल तर ट्रे आड येतो. मित्राचा रॅक लावून दहा पावलं मागे जाऊन पाहणं ही सर्वांत खात्रीची परीक्षा.

दिव्यांचं त्याहून गंभीर आहे. ऊस तोडणीच्या हंगामात कोरेगाव-कऱ्हाड भागात रात्री मागून भरलेली ट्रॉली येत असते आणि तिला थांबायला लांब अंतर लागतं. ब्रेक आणि इंडिकेटर झाकले जात असतील तर स्वतःचे दिवे असलेला रॅक घ्या. त्याला गाडीकडून ७ किंवा १३ पिनांचं सॉकेट लागतं. नवीन गाडीत मूळ वायरिंगला सालपट काढून जोड देऊ नका, त्या गाडीसाठीचा तयार हार्नेस, म्हणजे जोडणीसकट येणारा वायरींचा संच, वापरा.

थार, जिम्नी किंवा स्कॉर्पिओ-एनला काही वेगळं लागतं का?

हो. या गाड्यांचं मागचं दार बाजूला उघडतं. बहुतेक ट्रे रॅक सायकलींसकट मागे झुकतात, ते वर उघडणाऱ्या टेलगेटसाठी पुरतं. बाजूला उघडणाऱ्या दाराच्या वाटेत मात्र झुकलेला रॅकही येतो. त्यासाठी बिजागरीवर पूर्ण बाजूला फिरणारा रॅक असतो, तो जड आणि महाग. नाहीतर डिकीतलं सामान सायकली चढवण्याआधीच काढून घ्यायची सवय लावा.

थार आणि जिम्नीला शिवाय दारावर स्टेपनी आहे. पिनच्या भोकापासून स्टेपनीच्या सर्वांत बाहेरच्या टोकापर्यंत आडवं अंतर मोजा आणि रॅकच्या भोकापासून त्याच्या उभ्या खांबापर्यंतचं माप त्याशी ताडून पाहा. हँडल गाडीकडे वळून येतं, त्यासाठी वर आणखी १५ ते २० सेंटीमीटर मोकळे हवेत.

गतिरोधकावर रॅक घासेल का?

मागचं चाक जमिनीला टेकतं तिथपासून रॅकच्या टोकापर्यंत १४० सेंटीमीटर आणि ट्रेची खालची कड जमिनीपासून ४५ सेंटीमीटर असेल तर मागचा कोन साधारण १८ अंशांचा होतो. गावांतले उंच गतिरोधक, शेतात उतरणारे रस्ते आणि पार्किंगचे तीव्र उतार यांना तो कमी पडतो. हिच बंपरखाली खूप लोंबत असेल तर वर उचललेल्या नळीचा रॅक मिळतो. ट्रे जितका वर तितकं बरं, पण पाटी झाकली जाणार नाही ना ते बघून.

रॅक लावल्यावर खडखड आवाज येतो. नळी सैल आहे का?

नळी आणि रॅकची दांडी यांत मिलिमीटरभर फट असतेच, तिच्याशिवाय रॅक आत जाणार नाही. साधी पिन रॅक बाहेर पडू देत नाही, पण हलणं थांबवत नाही. आट्याची पिन, आतून पाचर आवळणारी दांडी किंवा बाहेरून यू आकाराचा क्लॅम्प, यांपैकी एक हवंच. फटीत रबर किंवा पत्र्याचा तुकडा कोंबू नका, तो निसटतो आणि पिनच्या भोकाची कड झिजते. आट्याची पिन लावली तरी तिची टोकाची क्लिप विसरू नका.

सायकली कोणत्या क्रमाने चढवायच्या?

बाटल्या, पंप, दिवे, मोबाइलचा स्टँड आधी काढा. सर्वांत जड सायकल गाडीच्या जवळ, हलकी शेवटी. एकीचं हँडल डावीकडे तर पुढचीचं उजवीकडे. तरीही एकीचं हँडल दुसरीच्या सीटला लागत असेल तर ट्रे बाजूला सरकवा किंवा सीट खाली करा. आकडा किंवा पंजा घट्ट करा, मग दोन्ही चाकांचे पट्टे लावा. पुढचं चाक फ्रेमला छोट्या पट्ट्याने बांधा, नाहीतर वाऱ्याने हँडल वळत राहतं. शेवटी एक वेगळा बकलचा पट्टा सगळ्या सायकलींभोवतून रॅकच्या खांबाला घाला. रॅकचा एखादा भाग निकामी झाला तर सायकल रस्त्यावर पडण्यापासून हाच पट्टा वाचवतो. लवचीक रबरी दोर या कामाचा नाही.

सायकल धरून जोरात हलवा, गाडी हलली पाहिजे. १० किलोमीटरवर थांबून पट्टे पाहा, घाट सुरू होण्याआधी पुन्हा एकदा. महामार्गावर ८० च्या आसपास राहा.

सायलेन्सरचा त्रास होतो का?

होतो, आणि याकडे फार कमी लोक पाहतात. पाइपचं तोंड सरळ मागे असेल आणि ट्रेवरचं चाक त्याच्या समोर येत असेल तर घाट चढताना गरम धुराने टायर मऊ पडून फुटतो, कार्बन रिम कायमचा खराब होतो. ट्रे वर घ्या, चाक पाइपच्या रेषेतून सरकवा किंवा पाइपला खाली वळणारं तोंड बसवून घ्या.

पार्किंग सेन्सर आणि कॅमेरा?

सेन्सर सतत वाजेल, बटणाने बंद करा. कॅमेऱ्यात सायकलच दिसेल. रिव्हर्स घेताना कोणीतरी खाली उतरून पाहिलंच पाहिजे.

पावसाळ्यात झाकण घालून न्यावं का?

चालत्या गाडीत पूर्ण झाकण नको. ते शिडासारखं फुगतं आणि रॅकवर पिळणारा ताण येतो. सीट आणि ब्रेक लिव्हर यांवर छोट्या पिशव्या घट्ट बांधल्या तर पुरे. गाडीच्या मागच्या चाकांचं चिखलपाणी थेट चेनवर उडतं, म्हणून कासच्या पावसातून आल्यावर चेन धुऊन, पुसून, तेल द्या. बेअरिंगवर जोराच्या फवाऱ्याचं पाणी मारू नका.

ई-सायकल नेता येईल?

प्रत्येक ट्रेची मर्यादा २५-३० किलो असेल तर येईल. बॅटरी काढून गाडीत, उन्हापासून दूर ठेवा, तेवढ्याने दोन ते चार किलो कमी होतात. उचलायला जड म्हणून चढणीची पट्टी असलेला रॅक पाहा.

चोरीचं काय?

रॅकच्या पिनेला कुलूप आणि सायकलींना वेगळं कुलूप, दोन्ही हवीत. रॅकसोबत येणारी बारीक तार कटरने सहज तुटते. चहाला थांबलात तर गाडी दिसेल अशी बसा. मुक्कामी सायकली आत घ्या.

विम्याला सांगावं लागतं का?

हिच आणि रॅक पॉलिसीत अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवून घ्या, नाहीतर धडकेत त्यांची भरपाई मिळणार नाही. रॅकवरच्या सायकली मोटर पॉलिसीत येतात असं गृहीत धरू नका, कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

रॅक कायम गाडीवरच ठेवला तर?

काढून ठेवा. रिकाम्या रॅकनेही गाडी ५० ते ८० सेंटीमीटर लांब होते आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या गुडघ्याशी त्याची कड येते. पावसाळाभर आत राहिलेली दांडी नळीत गंजून अडकते, मग हातोड्याने काढावी लागते. काढल्यावर नळी आतून कोरड्या फडक्याने पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या आणि तोंडाला रबरी बूच लावा. पिन, क्लिप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून ती पिशवी रॅकलाच बांधून ठेवा.